समोरच्या खिडकीतली धाकटी

आमच्या घराच्या पुढच्या खिडकीतून पाहिलं की रस्त्यापलीकडे लाँड्रीची इमारत दिसायची. खाली गिऱ्हाइकांचा काउंटर, वर कारखाना. कारखान्यात धुलाईची यंत्रं, इस्त्रीची टेबलं, आणि कोपऱ्यातल्या खिडकीशी माझी खुर्ची. मी रफू करायची. कुणाचा कोट कसरीने खाल्लेला, कुणाच्या स्वेटरला सिगारेटने भोक पडलेलं, कुणाची नवी कोरी पँट पहिल्याच दिवशी खिळ्याला अडकलेली. माझं खरं नाव तिथं कुणाला आठवतही नव्हतं. सगळ्यांची मी रफूबाई.

त्या खुर्चीतून मान वर केली की समोर आमचं घर, आणि घराच्या खिडकीत माझ्या मोठ्या जाऊबाई. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघे एकापाठोपाठ गेले आणि दोन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. लोकांना वाटलं, दोन जावा एका घरात, आता भांडी वाजणार. वाजायचीच. जाऊबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की तो थांबवणं कुणाच्या हातात नसे. पण मी तापाने फणफणले की उशाशी रात्रभर बसायच्याही त्याच, आणि पट्टा तेव्हाही चालूच असायचा.

सुरुवातीला लक्ष त्यांचं माझ्यावर असे. मी कामात डोकं घातलं की जेवायचं विसरते, हे त्यांना पक्कं ठाऊक. दुपारी ताटं वाढून झाली की त्या खिडकीत येऊन हात वर करायच्या. मी उलट हात केला नाही, तर खिडकीच्या गजांवर चमचा आपटायच्या. तो आवाज रस्ता ओलांडून यंत्रांच्या घरघरीतूनही यायचा. माझ्या मागच्या टेबलावरची इस्त्रीवाली हसत म्हणायची, "उठा रफूबाई, शाळा सुटली."

पुढे हे सगळं उलटं झालं. जाऊबाई आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरायला लागल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण जेवलो की नाही ते. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, पण ओळखीच्या घरात ठेवा, तिथं त्या जास्त काळ तग धरतील. खरंच होतं ते. डोक्यातून गेलेलं त्यांच्या हातांत शिल्लक होतं. अंधारातही साखरेचा डबा अचूक काढायच्या, दाराची कुरकुरणारी कडी कशी वर उचलून लावायची ते चुकत नसत. आणि दुपारी खिडकीत येऊन हात वर करणंही चुकत नसे, ताटं वाढलेली नसली तरी. मी हात केला की त्यांचा चेहरा निवायचा. बराच वेळ त्या खिडकीत दिसल्या नाहीत तर मी सुई टोचून ठेवायची, जिना उतरायची आणि रस्ता ओलांडून घरी. मला कुणी अडवत नसे, कारण मी पगारी नव्हते. लाँड्रीशी माझा स्वतंत्र ठेका होता, जेवढे नग तेवढे पैसे. मी कधी आले, कधी गेले, याची नोंद कुणी ठेवत नव्हतं. ठेका मी घेतला होता तोच त्यासाठी.

जाऊबाईंचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, दूरच्या शहरात नोकरीला होता. गुणी मुलगा, बायकोही तशीच. एकदा तो आईला हौसेने घेऊन गेला. तिथं जाऊबाई रोज संध्याकाळी पिशवी भरून दाराशी बसायला लागल्या. "चला, उशीर होतोय. धाकटी वाट बघत असेल." सून समजूत घालायची, तर तिच्यावर डाफरायच्या, "तू कोण गं मला अडवणारी?" शेवटी त्यानेच त्यांना परत आणून सोडलं. जाताना मला म्हणाला, "काकू, आई तुमच्या डोळ्यांसमोर आहे तोवर मी निर्धास्त आहे. ज्या दिवशी तसं राहणार नाही, त्या दिवशी मी तिला घेऊन जाईन. मग तुमचंही ऐकणार नाही आणि तिचंही."

मी म्हटलं, "डोळ्यांसमोरच आहेत रे. मध्ये एक रस्ता आहे फक्त."

आणि एका शनिवारी, काम आवरता आवरता, लाँड्रीचे व्यवस्थापक वर आले. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. मऊ स्वभावाचा माणूस, पण त्या दिवशी माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघून बोलत होते.

"रफूबाई, सोमवारपासून आपण नव्या इमारतीत."

"आपण म्हणजे कोण?"

"सगळेच. हा मजला रिकामा करायचाय. खालचा काउंटर तेवढा इथं राहील. कपडे इथं घ्यायचे आणि रोज सकाळी टेम्पोने तिकडे न्यायचे."

"तिकडे म्हणजे कुठे?"

त्यांनी सांगितलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, गोदामांच्याही पुढं.

"आणि हे मला आज सांगताय?"

"मलाही आजच कळलं हो. माझं टेबल तर तिथं बॉयलरच्या शेजारी टाकलंय, म्हणतात."

इस्त्रीवालीने मला धीर दिला. कंपनीने कामगारांसाठी बस ठरवली होती, चौकातून निघणार होती. "आपण दोघी शेजारी बसू," ती म्हणाली. सोमवारी मी चौकात गेले, तर बसवाल्याने मला पायरीवरच थांबवलं. मी साहेबांकडे पाहिलं. ते बिचारे ओशाळून खाली उतरले.

"बाई, बस कामगारांसाठी आहे. तुम्ही ठेकेदार ना."

मला हसू आलं. ठेकेदार म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मोठ्या पोटाचा, हाताखाली माणसं बाळगणारा. माझ्या हाताखाली होती एक सुई, बोटात घालायचं एक अंगुस्तान आणि एक भिंग. इस्त्रीवाली खिडकीतून ओरडली, "अहो, माझ्या मांडीवर बसेल ती!" पण बस सुटली. मी दोन बस बदलून गेले, उभ्याने.

जाऊबाईंना मी सगळं नीट सांगितलं होतं. त्यांनी ते शहाण्या माणसासारखं ऐकलं. "जा की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. खालच्या मजल्यावर एक शिवणक्लासवाली राहायची. तिने दिवसातून दोनदा वर डोकावायचं कबूल केलं. पुतण्याला मी काही कळवलं नाही. म्हटलं, आधी बघू तर कसं जमतंय.

नव्या इमारतीत माझी जागा तळघरात होती. जागा ऐसपैस, टेबल मोठं, डोक्यावर चांगल्या चार ट्यूबलाइट. खिडकी नव्हती. जुन्या खिडकीत ऊन कधी येत नसे, नुसता थंड उजेड यायचा, आणि त्या उजेडावर माझं अर्धं काम उभं होतं हे मला तोवर उमगलंच नव्हतं. रफूला धागा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढतात. तिथं पुरेसा मिळाला नाही, तर रिळांमधून रंग जुळवावा लागतो. तिथं एक गडद निळा कोट आला, खिशाशी भोक पडलेला. आतून दोरा निघेना, म्हणून मी रीळ जुळवलं. इतकं छान जुळलं की मी भिंगातून बघितलं तरी माझंच काम मला सापडेना. मी खूश.

चार दिवसांनी साहेब कोट घेऊन खाली आले. "गिऱ्हाईक विचारतंय, हा जांभळा डाग कसला?"

"कुठाय जांभळा?"

त्यांनी पाहिलं, मी पाहिलं. डाग नव्हता. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी कोट उचलला आणि जिना चढून अंगणात गेले. उजेडात धरला मात्र, खिशाशेजारी वांग्याच्या रंगाचा ठिपका. ट्यूबच्या उजेडात जे दोन रंग सख्खी भावंडं वाटतात, ते दिवसाच्या उजेडात एकमेकांना ओळखही देत नाहीत. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "बघा, काय करता येतं ते."

मी तो कोट उसवायला घेतला होता, त्याच दुपारी वरून निरोप आला, रफूबाईंना फोन. काउंटरवाला बोलत होता. "बाई, घाबरू नका. तुमच्या जाऊबाई इथं आहेत, वरच्या मजल्यावर. बऱ्या आहेत. पण तुम्ही या."

मी कशी पोचले ते मला आजही सांगता येणार नाही. दोन बस, मधलं थांबणं, माझ्या हातात अजून तो कोट.

वरचा मजला तेव्हा नुकताच भाड्याने गेला होता. मी जिना चढून गेले तर सगळी यंत्रं जाऊन तिथं लांबलचक टेबलं मांडलेली, त्यांवर मोठाले कागद. माझ्या खिडकीशी, माझ्याच जागी, जाऊबाई बसलेल्या. पायांत एक चप्पल त्यांची आणि एक माझी. शेजारी एक तरुण बाई उभी होती, केसांत पेन्सिल खोचलेली. ती इमारतींचे नकाशे काढायची. त्या खिडकीतला उजेड बघूनच तिने ती जागा घेतली होती, हे तिने मला पुढे सांगितलं.

"तुम्हीच का धाकट्या?" तिने विचारलं. "या वर आल्या आणि मला म्हणाल्या, ऊठ तिथून, ती माझ्या धाकटीची जागा आहे."

"मग?"

"मग मी उठले."

मी जाऊबाईंपाशी गेले. त्या खिडकीबाहेर टक लावून बघत होत्या, समोर, आमच्या घराकडे. माझ्याकडे वळूनही न बघता म्हणाल्या, "आपल्या खिडकीत कुणीच दिसत नाही गं. थोरली कुठं गेली असेल?"

नकाशेवालीने तोंड दुसरीकडे फिरवलं. मी हळूच म्हटलं, "येतील हो इतक्यात. चला, आपण जाऊन बघू."

घर सताड उघडं होतं. शेगडीवर दूध जळून पातेलं कोळशासारखं झालेलं. शिवणक्लासवाली वर येऊन रडायला लागली, "मी आत्ताच डोकावून गेले होते हो, मशिनवर बसले तेवढ्यात..." तिची काय चूक? तो रस्ता त्या वेळी कसा वाहतो मला माहीत होतं. त्यातून त्या एकट्या आल्या होत्या, एक चप्पल माझी घालून.

संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. मी काही लपवलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रविवारी येतो काकू. आईचे कपडे भरून ठेवा."

"मला रविवारपर्यंत वेळ दे," मी म्हटलं. "तू आलास आणि घरात काही बदललेलं नसलं, तर मी स्वतः पिशवी भरून देईन."

त्या रात्री जाऊबाई गाढ झोपल्या. मी पातेलं घासत बसले. घासता घासता बसच्या पायरीवरचं ते वाक्य आठवलं. तुम्ही ठेकेदार ना. त्या दिवशी हसले होते, तरी ते मला झोंबलं होतं. आता मी ते पुन्हा पुन्हा मनात घोळवून बघितलं, कापड उलटंसुलटं करून बघतात तसं.

सकाळी शिवणक्लासवालीला जाऊबाईंपाशी बसवून मी नव्या इमारतीत गेले. साहेब खरंच बॉयलरशेजारी बसले होते, कपाळावर रुमाल.

"साहेब, मी उद्यापासून इथं यायची नाही."

"अहो, काम सोडताय?"

"काम कोण सोडतंय? जागा सोडतेय. घरी बसून करणार."

"असं कसं चालेल? सगळं काम एका छपराखाली व्हायला हवं, असं वरून आलंय."

"बसमध्ये मी परकी होते ना?"

"हो, पण..."

"मी तुमची कामगार नाही, असं तुम्हीच म्हणालात. मग मी कुठल्या खुर्चीत बसते, त्याची तुम्हाला काळजी कशाला? तुम्हाला भोक बुजलेलं मिळाल्याशी मतलब."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "आणि गिऱ्हाइकाचा कपडा तुमच्या घरी जळला, हरवला तर?"

"तर माझी जबाबदारी. ठेकेदार मीच ना?"

बॉयलरवरचा माणूस खुदकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. मी पिशवीतून तो निळा कोट काढला. आदल्या रात्री, जळलेल्या दुधाच्या वासाच्या त्या घरात, मी नवा धागा निवडून ठेवला होता, पण बघितला होता सकाळी खिडकीत, उजेडात, आणि मगच रफू केलं होतं. मी साहेबांना अंगणात घेऊन गेले. त्यांनी कोट जवळ धरला, लांब धरला.

"जमलंय," ते म्हणाले.

"हे तुमच्या तळघरात जमणार नाही. माझंच काय, कुणाचंच. माझ्या घरासमोरच तुमचा काउंटर आहे. फाटके कपडे टेम्पोत चढवायच्या आधीच बाजूला काढून ठेवा. मी रस्ता ओलांडून नेईन, मीच आणून देईन. तुमचं काही वाढत नाही."

त्यांनी कोटाची घडी घातली. मग म्हणाले, "तातडीचं काम मात्र इथंच करून घ्यावं लागेल, दुसऱ्या कुणाकडून. ते तुम्हाला मिळणार नाही."

म्हणजे माझं बरंच काम जाणार होतं. मी मनात हिशेब केलाच नाही. "चालेल," म्हटलं.

जाताना ते हलकेच म्हणाले, "माझ्या आईचंही असंच झालं होतं, बाई. पण मी पगारी माणूस. मी कुठं बसायचं ते दुसरेच ठरवतात."

रविवारी पुतण्या आला तेव्हा मी पुढच्या खिडकीशी टेबल लावून बसले होते. त्या खिडकीत दुपारचं ऊन थेट येतं आणि उन्हातही रंग फसवतात, म्हणून मी पांढऱ्या कापडाचा पडदा लावला होता. जाऊबाईंनी तो ओढून बाजूला केला. मी लावला, त्यांनी ओढला. "माझा रस्ता का झाकतेस गं?" शेवटी मी पडदा मधोमध कापला. अर्ध्या खिडकीला पडदा, तिथं मी. अर्धी उघडी, तिथं त्या. पुतण्याने ते पाहिलं, आईच्या शेजारी जमिनीवर बसला, आणि संध्याकाळी पिशवी न भरताच परत गेला. दारात त्याने मला वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "पुरे. पोचलास की फोन कर."

मला वाटलं, आता सुटले. पण जाऊबाई काही निवेनात. दुपार झाली की खिडकीत उभ्या राहायच्या, हात वर करायच्या, आणि समोर बघत कासावीस व्हायच्या.

"धाकटी दिसत नाही गं अजून."

"अहो जाऊबाई, मी इथंच आहे. ही काय तुमच्या शेजारी."

त्या माझ्याकडे बघायच्या, ओळखायच्याही. "तू आहेस गं. पण ती? ती जेवली नाही अजून."

त्यांच्यासाठी ज्या धाकटीची काळजी करायची, ती समोरच होती, कायमची. मी घरात आले होते, पण ती तिथून हलली नव्हती.

मग एके दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडला, जिना चढले आणि नकाशेवालीला विचारलं. विचारताना माझीच मला लाज वाटत होती. तिने केसांतली पेन्सिल काढली, परत खोचली. "एवढंच ना?" ती म्हणाली.

त्या दुपारी जाऊबाई खिडकीत आल्या, त्यांनी हात वर केला, आणि समोरच्या खिडकीतून एक हात वर झाला. जाऊबाईंचे खांदे सैल पडले. "आली," त्या म्हणाल्या. "कामात आहे. मान मोडेपर्यंत काम करते बघ." मग माझ्याकडे वळून, "तू पण ऊठ. ताट घे. किती वेळ ते भिंग घेऊन बसशील?"

हे बरीच वर्षं चाललं. नकाशेवाली एक दिवस चुकली नाही. गावाला जायची तेव्हा कुणाला तरी सांगून जायची, आणि त्या अनोळखी हातानेही जाऊबाईंचं भागायचं. त्या गेल्या तेही याच घरातून, याच खिडकीशेजारच्या पलंगावरून, हात धरायला मी आणि पुतण्या होतो.

आता लाँड्री उरली नाही. रफू करून कपडे वापरणारी माणसंही फारशी उरली नाहीत. माझे डोळेही आता रिळांचे रंग ओळखत नाहीत. नकाशेवाली मात्र अजून त्या खिडकीत आहे, केस पिकलेले, पेन्सिल तीच. दुपारी ती हात वर करते, मी हात वर करते. का, ते आम्ही एकमेकींना कधी विचारलं नाही.

परवा मी जुना कपड्यांचा गठ्ठा सोडून बसले होते. एकेक कपडा हातात घेतला की कोण, कधी, कुठं, सगळं आठवत जातं, आणि वेळेचं भान राहत नाही. दुपार केव्हा सरली कळलंच नाही. एकाएकी समोरून आवाज आला, खणखण, खणखण. नकाशेवाली खिडकीत उभी होती आणि लोखंडी पट्टी गजांवर आपटत होती.

मी हात वर केला, आणि जेवायला उठले.